बुद्धप्रियाचं सहावं शील

आषाढ पौर्णिमेला आमच्या नातीने, बुद्धप्रियाने, विहारात अष्टशील घेतलं. एका दिवसाचं नाही, सगळ्या वर्षावासाचं, म्हणजे आश्विन पौर्णिमेपर्यंतचं. अकरावीतली पोर. भन्तेजींनी विचारलं, "झेपेल का?" ती म्हणाली, "हो." लोकांनी मोठ्याने 'साधू, साधू' म्हणून अनुमोदन दिलं. माझी बायको सरजाबाई पांढऱ्या साडीत पुढच्या रांगेत बसली होती. तिने पदराने डोळे पुसले.

आठांतलं सहावं शील अवेळी न जेवण्याचं. दुपारी बारानंतर अन्न घ्यायचं नाही. सरजाबाई दर पौर्णिमेला ते पाळते. पण बारा वाजायच्या आत ती भाकरी, वरण, भात असं पोटभर जेवून घेते. उपाशी राहा असं शील सांगत नाही.

बुद्धप्रियाने आठही शीलं काटेकोर धरली. कानातले काढून डबीत ठेवले. मोबाइलवरची गाणी बंद केली. खाटेवरून चटईवर आली. वस्तीतल्या बाया आपल्या मुलींना तिचं उदाहरण द्यायला लागल्या.

ती पंधराशे मीटर पळते. आमच्या वस्तीमागे लातूर नगरपालिकेच्या वेळेपासूनचं मोकळं मैदान आहे, तिथे रेणुकादास सर मुलामुलींना पळायला शिकवतात. सर एका शाळेत खेळाचे मास्तर आहेत. माणूस चांगला. पैसे घेत नाहीत, पावसातही येतात. गेल्या वर्षी जिल्ह्याच्या स्पर्धेत बुद्धप्रिया दुसरी आली. पहिली आलेली मुलगी देवणीकडची होती, अगदी काडी. परत येताना सर सहज बोलून गेले, "ती हलकी आहे. तू दोन किलो उतरलीस तर तिला धरशील."

सर बोलले आणि विसरले. ही विसरणाऱ्यातली नाही. निबंधात एक अक्षर खोडावं लागलं तर ती आख्खं पान नव्याने लिहिते. बुटाच्या दोन नाड्या सारख्या लांबीच्या झाल्या नाहीत तर पुन्हा बांधते. दहावीला शहाण्णव टक्के पडले तेव्हा आम्ही पेढे वाटले आणि ही राहिलेले चार कुठे गेले ते शोधत बसली. लातुरात असं मूल कुणाला आजारी वाटत नाही. गुणी वाटतं.

मी आडत बाजारात हमाली केली. तुरीचं, हरभऱ्याचं पोतं पाठीवर घेऊन फळीवरून ट्रकात चढवायचं. कामात कसर केलेली मला कधी खपली नाही. पोराला, आनंदराजला, मी तेच शिकवलं. नात आमच्याहून पुढे गेली.

श्रावणात ती जिल्ह्यात पहिली आली. देवणीच्या मुलीला तिने शेवटच्या फेरीत मागे टाकलं. संध्याकाळी रेणुकादास सर पेढे घेऊन घरी आले. बुद्धप्रियाने पेढा कपाळाला लावला आणि आईच्या, महामायाच्या, हातात दिला.

"सर, बारा वाजून गेलेत."

सर हसले. "काका, काय निश्चय आहे पोरीचा."

"आजीवर गेलीय," सरजाबाई म्हणाली.

आता लक्ष्य नांदेडची विभागीय स्पर्धा. तिथे पहिली आली की राज्यावर. आणखी हलकं व्हायचं, असं तिने मनाशी ठरवलं. ते आम्हाला नंतर कळलं.

भादव्याच्या उकाड्यात ती स्वेटर घालून बसायला लागली. न्हाणीच्या जाळीत केसांचे पुंजके सापडायला लागले. एक दिवस महामायाने सासूला स्वयंपाकघरात काही सांगितलं. सरजाबाईने ते मला सांगितलं, मान खाली घालून. पोरीची पाळी थांबली होती. दवाखान्यात दाखवलं तर रक्त कमी निघालं, गोळ्या मिळाल्या. गोळ्या ती वेळेवर घ्यायची. एकही चुकवली नाही.

महामाया अंगणवाडीत कामाला. पहाटे उठून ती पोरीचा डबा भरायची. दोन भाकरी, भाजी, उकडलेलं अंडं. कॉलेजात बारा वाजायच्या आत खायचं, असं ठरलेलं. डबा रोज चाटूनपुसून यायचा. त्यामुळे आम्ही निर्धास्त.

वस्तीच्या तोंडाशी एक पिवळं कुत्रं असतं. पूर्वी त्याच्या बरगड्या मोजून घ्या. या पावसाळ्यात ते अंगाने भरलं, उठताना कण्हायला लागलं. एका दुपारी मी तिथल्या टपरीवर चहा पीत होतो. बुद्धप्रियाची सायकल आली. कुत्रं आधीच उभं राहिलं होतं. तिने उतरून डबा उघडला, भाकरीचे तुकडे केले, अंडं सोलून टाकलं. रुमालाने डबा पुसला. सगळं नीट, सावकाश, एक कण खाली न सांडता.

मी तिच्या मागोमाग घरी येऊन दारात उभा राहिलो.

"कुत्र्याला काय चारायलीस, प्रिया?"

ती थांबली. "उरलेलं."

"उरलेलं नव्हतं ते. भरलेलं होतं."

"आबा, स्पर्धेपर्यंतच. मग खाते."

"कुणी सांगितलं असं?"

"कुणी न्हाई. हलकं असलं की पाय उचलतो. मला कळतंय ना माझं. श्रावणात आले का न्हाई पहिली?"

ती खरोखर पहिली आली होती. मी आत जाऊन सरजाबाईला सांगितलं. तिने आधी मला वेड्यात काढलं. मग दुसऱ्या दिवशी स्वतः टपरीपाशी जाऊन उभी राहिली. घरी आली आणि पोरीचा पुसलेला डबा पुन्हा घासत बसली.

"तिला सांग, शील सोड," मी म्हणालो.

"आवो, भन्तेसमोर घेतलेलं शील. मी लेकराला मोड कसं म्हणू? बाया काय म्हणतील, आजीनंच मोडवलं."

"शील न्हाई ते. तिनं त्याच्या आड उपास लपवलाय."

"ते मलाबी दिसायलंय. पण तोंडातून निघंना."

तिथेच आम्ही सगळे अडकलो. पोर चोरी करत असती तर दोन थोबाडीत दिल्या असत्या. ती शील पाळत होती.

सरजाबाईने तिची एक युक्ती केली. रविवारी सकाळी तांदळाची खीर केली, दूध आटवून. बुद्धप्रियापुढे वाटी ठेवली आणि सुजाताची गोष्ट सांगितली. आमच्या घरात ती सगळ्यांना पाठ आहे. सिद्धार्थाने हाडं दिसेपर्यंत उपास केला, काही हाती लागलं नाही, सुजाताची खीर खाल्ली आणि मग पिंपळाखाली ध्यानाला बसला.

बुद्धप्रियाने सगळं ऐकून घेतलं. "आजी, ते बसणार होते. मला पळायचंय."

सरजाबाईला हसू फुटलं. हसताहसता तिचा चेहरा पडला. वाटीवर साय धरली, तरी वाटी तशीच.

मी रेणुकादास सरांना कुत्र्याचं सांगितलं. त्यांनी तिला मैदानावर समजावलं, दोन दिवस पळू दिलं नाही. ती पहाटे एकटी डांबरी रस्त्यावर पळाली. सरांनी परत मैदानावर घेतली. निदान डोळ्यासमोर राहील म्हणाले.

नांदेडला मी तिच्याबरोबर गेलो. आश्विन पौर्णिमा आठवड्यावर आली होती. एसटी अहमदपूर, लोहा करत निघाली. लोह्याला गाडी थांबली तेव्हा मी भाकरीचं फडकं सोडलं. ती खिडकीबाहेर बघत राहिली. नांदेडला उतरताना तिने डावा पाय आधी खाली टाकला नाही. दांड्याला धरून उजव्यावर उतरली. मी बघितलं, ते तिनेही बघितलं.

स्टँडबाहेर अर्धापूरच्या केळ्यांची गाडी होती. मी फणी घेतली.

"बारा वाजायचेत अजून. एक खा."

"पळून झाल्यावर खाते, आबा."

शर्यत दुपारची. पळून झाल्यावर म्हणजे बारानंतर. तिलाही ठाऊक, मलाही.

मैदानावर सर आधीच पोचले होते. ती अंग मोकळं करायला पळू लागली तसे ते उठून उभे राहिले. तिला बोलावून बाकावर बसवलं आणि नडगीवर अंगठा दाबला. तिने बाकाची कड धरली.

"कधीपासून?"

"दुखत नाही, सर."

"बाळा, मी नाव काढून घेतो."

"काढा. मग मी पुन्हा कधी पळणार न्हाई. तुमच्याकडे न्हाई, कुणाकडे न्हाई." आवाज चढला नव्हता. ती हिशेब सांगावा तसं बोलत होती.

सर माझ्याजवळ आले. त्यांचा चेहरा उतरला होता. "काका, मी दोन किलो म्हणालो होतो. दोनच."

"तिचं दोनवर भागत नाही, सर."

मी तिच्या शेजारी बसलो. ती बुटाच्या नाड्या बांधत होती. सोडायची, पुन्हा बांधायची.

"आबा, एक विचारू? तुम्ही कधी पोतं अर्ध्या फळीवर टाकलंत का?"

तिला काय उत्तर हवं होतं ते मला कळलं. आनंदराजने तिला लहानपणापासून सांगितलंय, तुझ्या आबांनी कधी पोतं टाकलं नाही.

"टाकलंय," मी म्हणालो.

तिने वर बघितलं. "पप्पा तर म्हणतात..."

"तुझा पप्पा फळीवर नव्हता. नवीन हमाल आला की त्याला उचलायला मागनं शिकवतात. आधी टाकायला शिकवतात. फळी हलली की पोतं बाजूला टाकायचं आन् आपण दुसऱ्या बाजूला उडी मारायची. इचार करत बसायचं न्हाई. मानाला जपून जो पोतं धरून ठेवतो, तो पोत्याखाली जातो."

"आन् मग आडत्या काय म्हणायचा?"

"शिव्या द्यायचा. त्याचं ते कामच हाय."

तिच्या ओठाचा कोपरा हलला. तेवढ्यात पंधराशेच्या मुलींना हाक आली. ती उठली आणि गेली. मी अडवलं नाही. सरांनीही नाही. हात धरून ओढली असती तर ती उद्या पहाटे डांबरावर पळाली असती.

पिस्तुलाचा बार उडाला. पहिली फेरी ती सगळ्यांत पुढे. पाऊल इतकं हलकं की मातीवर उमटत नव्हतं. मला वाटलं, आम्हीच चुकलो की काय. दुसऱ्या फेरीत डावा खांदा खाली झुकायला लागला. देवणीची मुलगी जवळ आली. सर रेषेच्या कडेने चालायला लागले, मग पळायला लागले. तिसऱ्या फेरीत वळणावर बुद्धप्रियाचं तोंड आमच्याकडे झालं. डोळे कोरडे, दात आवळलेले. माझे हात माझ्या नकळत पाठीमागे गेले होते, पोतं धरतात तसे.

आणि तिने पाय बाहेर टाकला. पडली नाही. आखलेली रेषा ओलांडून गवतावर गेली, दोन-चार पावलं लंगडली आणि बसली. बाकीच्या मुली पुढे निघून गेल्या.

मी पोचेपर्यंत सरांनी तिचा बूट काढला होता.

"फळी हलली, आबा," ती म्हणाली. मग रडली, लहानपणी रडायची तशी, नाक वाहेपर्यंत.

रडणं थांबल्यावर मी केळं सोलून पुढे केलं. तिने घेतलं नाही.

"बारा वाजून गेले." या वेळी ती मला चुकवत नव्हती. तिला खरंच सुटका दिसत नव्हती.

मी सरजाबाईला फोन लावला. काय झालं ते सांगितलं. मग ती म्हणाली, "मोठ्यानं लावा तो फोन. पोरीम्होरं धरा." आणि मग, "प्रिया, हात जोड. माझ्या मागं म्हण."

तिने पंचशील द्यायला सुरुवात केली. लातूरच्या आमच्या ओट्यावरून, तिच्या त्या चिरक्या आवाजात. बुद्धप्रिया गवतात बसून, एका पायात बूट, मागे म्हणत गेली. रेणुकादास सरांनी चपला काढल्या आणि हात जोडले. पाचवं झाल्यावर सरजाबाई थांबली.

"झालं. आता तुला पाचच. सहावं न्हाई. खा."

"आजी, असं चालतं का?"

"माझ्या डोईचे केस पौर्णिमा धरून पांढरे झालेत. भन्तेला मी सांगीन काय ते. बायांनाबी सांगीन. तू खा."

तिने अर्धं केळं खाल्लं. त्याला फार वेळ लागला. उरलेलं सालीत गुंडाळून पिशवीत ठेवलं.

नडगीच्या हाडाला चीर निघाली. डॉक्टर म्हणाले, पाय जोडेल, खाणं जोडायला जास्त दिवस लागतील. त्यासाठी वेगळ्या डॉक्टरबाईंकडे पाठवलं. रेणुकादास सर दर आठवड्याला घरी येतात. वजनाचं नाव काढत नाहीत, कुणालाही काढू देत नाहीत.

आश्विन पौर्णिमेला सरजाबाईने अष्टशील घेतलं नाही. विहारातल्या बायांनी विचारलं, "आजी, आज कसं काय?"

"संध्याकाळी जेवायचं काम हाय घरी," ती म्हणाली.

दिवेलागणीला तिने दोन ताटं वाढली, एक स्वतःचं, एक नातीचं. बुद्धप्रिया प्लास्टरचा पाय लांब करून बसली. अर्धी भाकरी खाल्ली. उरलेली अर्धी हातात धरून ती दाराकडे बघायला लागली. बाहेर कुत्रं येऊन बसलं होतं. सरजाबाईने आपला घास ताटात खाली ठेवला. नातीचं होईपर्यंत ती पुढे जेवणार नव्हती. महामाया तव्यापाशी थांबली.

भाकरीचा एक तुकडा मोडल्याचा आवाज आला. कुत्रं उठताना कण्हतं, ते कण्हणं ऐकू आलं नाही. मी मान वर केली नाही.