पॉइंटविना ठिणगी

भिलाई तेव्हा मध्य प्रदेशात होते. वडील निवृत्त रेल्वे इंजिनचालक. मी पोलाद कारखान्यात भट्टीवर होतो. वडिलांची मोटार माझ्याहून वयाने मोठी. तिच्या डिस्ट्रिब्युटरमध्ये, म्हणजे प्लगांना वीज वाटून देणाऱ्या भागात, पॉइंट होते: धातूचे दोन चिमुकले तुकडे, जे टेकत आणि सुटत. सुटले की प्लगवर ठिणगी पडे. ते जळत, म्हणून वडील त्यांना वारंवार कानशीने घासून मधली फट पुन्हा जुळवत. हे काम त्यांनी कधीही कुणाला करू दिले नाही.

पुढे त्यांचे हात कापू लागले. फट चुकू लागली, मोटार सुरू होईना.

"देऊन टाका भंगारवाल्याले," आई म्हणाली. "तुमच्यापेक्षा जास्त तिचीच सेवा होऊन राहिली या घरात."

वडील ताटावरून उठले. मोटार गेली असती तर त्यांनी पुन्हा कोणतेही चाक हाती धरले नसते. हे आईलाही ठाऊक होते.

आमचा शेजारी माझ्याच कारखान्यात उपकरणांच्या विभागात होता. त्याने वडिलांना राजी करून पॉइंट काढले आणि तेथे खाचांची चकती बसवली. ती फिरताना डोळ्यांना न दिसणारा प्रकाश अडवी आणि सोडी. त्या इशाऱ्यावर एका डबीतला ट्रान्झिस्टर ठिणगीची वीज तयार करणाऱ्या कॉइलचा प्रवाह तोडी, आणि ठिणगी पडे.

"यात कानशीनं घासाचं काय?" वडिलांनी विचारले.

"काईच नाई, काका. कोनी कोनाले लागतच नाई."

"मंग मी काय करू?"

"चालवा ना."

त्याने प्लगची वायर काढून तिचे टोक इंजिनाजवळ धरले आणि मला स्टार्टर फिरवण्यास सांगितले. निळी, जाड ठिणगी कडाडली. वितळलेल्या लोखंडाचे पाट मी रोज पाहत असे. पण त्या नखाएवढ्या उजेडाने मला स्तब्ध केले. कशाने कशाला स्पर्श केला नव्हता.

वडील एकटेच मोटार घेऊन निघाले. वसाहतीतल्या सिव्हिक सेंटरला वळसा घालून परतले, फाटकाशी उतरले, पण इंजिन बंद केले नाही. दुरुस्त झालेले इंजिन धावून आले की चालक त्याच्याजवळ उभा राहून ऐकतो आणि मगच ते ताब्यात घेतो, अशी त्यांच्या रेल्वे शेडची रीत होती. त्यांनी डोळे मिटले. आईने अंगणातला नळ बंद केला. बॉनेटवरचा त्यांचा हात कापत होता. इंजिनाचा आवाज कुठेही अडखळत नव्हता.

मग त्यांनी डोळे उघडले.

"घेतली," ते शेजाऱ्याला म्हणाले.