अर्धी ओळ विमलाची

रेल्वे क्वार्टरातल्या विमलाचा आवाज कुणीतरी शेंदूर चारून घालवला, अशी पूर्णेत बोलवा होती. सरजाबाई तर नळावर घागर बाजूला ठेवून, डोळे बारीक करून सांगायची, "पेढ्यातून दिला गं बाई! जळके लय हायेत इथं."

तसं काही नव्हतं. विमलाचा आवाज शाबूत होता. दूधवाल्याला हाक मारली तर पलीकडच्या ओळीतलं कुत्रं उठायचं. गाणं तेवढं तिनं सोडलं होतं, थोरली बहीण सुमंगला काविळीनं गेली तेव्हापासून.

दोघींचं गाणं अर्ध्या-अर्ध्या ओळीचं. सुमंगला ओळ उचलायची आणि मधेच सोडायची. विमला ती तिथल्या तिथं झेलून पुरी करायची. सिकंदराबादला रेल्वेच्या स्पर्धेत मुंबईच्या एका रेकॉर्ड कंपनीनं त्यांना हेरलं आणि गिटारवर एक हिंदी गाणं काढलं. शहात्तर साली ते नैरोबीच्या रेडिओवर पहिल्या नंबरावर चढलं. मग मॉरिशसात, मग त्रिनिदादमध्ये. सुमंगलाला जाऊन तोवर वर्ष होत आलं होतं.

खबर घेऊन कंपनीचे मॅनेजर स्वतः पूर्णेला आले. विमला सुपात तुरीची डाळ निवडत होती. वडिलांनी, नागनाथ फिटरांनी, त्यांना खुर्ची दिली.

"विमलाजी, तुम्ही नंबर वन आहात! आफ्रिकेत!" मॅनेजर दर वाक्याला खुर्चीतून वीतभर उठत होते.

"बरं," विमला म्हणाली.

"दुसरी रेकॉर्ड लगेच पाहिजे. जोडीला मुलगी आम्ही देतो."

"मला न्हाई जमायचं."

"बाई, इचार तरी कर," नागनाथ हळूच म्हणाले.

विमलानं एक खडा उचलून बाजूला टाकला. आनंद नाही, रडू नाही. दाढ काढायच्या आधी डॉक्टर सुई देतो, तसं तिचं सगळंच बधिर झालेलं.

तेव्हा शेजारची पोरगी मधे पडली. सरजाबाईपासून स्टेशनमास्तरपर्यंत कुणाचाही आवाज काढणारी. ही गोष्ट लिहायलीय ती तीच.

"विमलाताई, लावता शर्त? मी सुमंगलाताईच्या आवाजात ओळ उचलते. तुमची अर्धी आपोआप निघतीय का न्हाई बघा. निघाली तर मुंबईला जायचं."

"न्हाई निघाली तर?"

"तुमी म्हणाल ते."

"मंग तिचा आवाज परत काढायचा न्हाई. कुणापुढंच न्हाई."

पोरीनं ओळ उचलली. तोच हलका घोगरेपणा, तीच हरकत. नागनाथ भिंतीकडं तोंड करून उभे राहिले. मॅनेजरांची बोटं मांडीवर ठेका धरू लागली. अर्ध्या ओळीवर पोरगी थांबली.

विमलाचं तोंड उघडलं. जिथं तिची अर्धी ओळ असायची तिथं तिनं आत चाचपून पाहिलं. काहीच हाती लागलं नाही. बाहेर इंजिन वाफ सोडत होतं.

"साहेब," ती म्हणाली, "मनमाडची गाडी लागली असंल. चहा घेऊन निघा."

मॅनेजर गेले. पोरगी उंबऱ्यात मान खाली घालून बसली.

विमलानं डाळ डब्यात ओतली. "बराबर काढलास गं आवाज. पण हरलीस."

हरलीच. आता कुणी कितीही गळ घातली तरी ती पोरगी अख्ख्या पूर्णेचे आवाज काढते, सुमंगलाचा तेवढा काढत नाही.