अध्यक्षांची हनुवटी उतरेपर्यंत

आंजीच्या प्रफुलला प्रभाकरराव पहिल्यांदा भेटले ते २००१ साली, वर्ध्याच्या सायबर कॅफेत, कॉम्प्युटरच्या पडद्यावर, फोटोतून, आणि तेही वरून खाली. सकाळी दहाला टोपी आली. चहा झाल्यावर कपाळ आलं. भुवयांपाशी इंटरनेटची फोनलाईन तुटली आणि पुन्हा टोपीपासून सुरुवात. मिशी उजाडेपर्यंत प्रफुलची स्वतःची दाढी बोटभर वाढली.

प्रभाकरराव समाजाच्या वधू-वर मेळाव्याचे अध्यक्ष. मेळाव्याची वेबसाइट प्रफुलने बनवली होती; पहिल्याच पानावर अध्यक्षांचा भलामोठा फोटो आणि त्याखाली नावनोंदणी. ती चालली तर समाजाच्या शाळेत कॉम्प्युटर शिकवायची नोकरी त्याची, असा त्यांचा शब्द होता. पण नावनोंदणीचा फॉर्म काही उघडेना.

गाडी कुठे अडते ते शोधायला प्रफुलने कोडमध्ये जागोजागी पडद्यावर ‘इथवर आलो’ म्हणणाऱ्या चौकटी पेरल्या. पहिली उगवली, दुसरी उगवली, तिसरी नाहीच. तीन दिवस तो ते तेलकट कपाळ बघत बसला. चहालासुद्धा त्या तेलाचा वास यायला लागला. चौथ्या दिवशी उलगडा झाला. ‘पान पूर्ण उतरलं की फॉर्म उघड’ असं त्यानेच लिहिलं होतं, आणि फोटोची शेवटची रेघ येईपर्यंत ब्राउझर पान पूर्ण मानत नव्हता. अध्यक्षांची हनुवटी फॉर्मच्या दारात आडवी पडली होती.

तो थेट रोहण्याला त्यांच्या घरी गेला.

“भाऊ, तुमचा फोटो लहान करा लागते. तो पुरा आल्याबिगर फॉर्म उघडून नाई राह्यला.”

प्रभाकरराव खुलले. “म्हंजे आंधी माहं दर्शन, मंग फॉर्म?”

“हो, पन...”

“मंग बिघडलं काय लेका? बराबरच हाय थे!”

“लोकं कटाळून उठून जातेत, भाऊ.”

“ज्याले अध्यक्षाचं तोंड पाच मिन्टं पाहवत नाई, त्याले काऊन पोरगी द्याची समाजानं?”

आतून त्यांच्या पत्नी सुलोचनाबाई म्हणाल्या, “मी तीस वर्सं पाहून राह्यली. मले नाई देल्ला कोनी फॉर्म!”

प्रफुलने मग गुपचूप फॉर्म उघडायची ओळ फोटोची वाट न बघणाऱ्या जागी हलवली. टोपी यायच्या आत फॉर्म उघडला! तो आनंद दोन दिवस टिकला. तिसऱ्या दिवशी प्रभाकरराव स्वतः कॅफेत आले, खुर्ची ओढून बसले आणि लाल झाले.

“टोपीच्या आंधी फॉर्म? पह्यले होतं तसं कर.”

प्रफुलने केलं. मिशी पुन्हा केसाकेसाने उतरू लागली.

वेबसाइटवरून एकही फॉर्म आला नाही. शाळेत प्रभाकररावांचा भाचा लागला.