काचेतली विनाशिका

पुण्याहून कोणी पाहुणे आले की मी त्यांना हॅम्बर्गच्या बंदरातल्या संग्रहालयात नेतो. तिथे काचेत पहिल्या महायुद्धातल्या एका विनाशिकेची प्रतिकृती आहे आणि शेजारी स्टुलावर एक म्हातारा गाईड. गुडघे चोळत तो बसूनच सांगतो, कोळसा भरला, गस्त घातली, बॉयलर दुरुस्त केला, पुन्हा गस्त, शेवटी भंगारात. मग प्रत्येक जण विचारतो, "शत्रूची किती जहाजं बुडवली?"

"एकही नाही."

पाहुणे पुढच्या काचेकडे सरकतात. भाषांतर करून कंटाळलेला मीही सरकतो.

यंदा सासरे मात्र तिथेच थांबले. "जावईबापू, विचारा त्यांना, हिच्यावरची माणसं किती गेली?"

मी विचारलं. म्हातारा स्टुलावरून उठला.

"एकही नाही. सगळे घरी गेले," तो म्हणाला, आणि आम्ही निघेपर्यंत उभाच राहिला.