काळ्या कपड्यांतली केतकी

फोन आला तेव्हा मी बांगडे साफ करत होतो. चांगी बिझनेस पार्कातून, केतकीच्या ऑफिसातली कुणी बाई. "अंकल, लवकर हॉस्पिटलात या." खवले लागलेल्या हातातून फोन निसटला... उचलून कानाला लावला, तर बाई रडत होती. आमच्या वुडलँड्सहून ते हॉस्पिटल म्हणजे बेटाचं दुसरं टोक. टॅक्सीत मी ड्रायव्हरच्या मागे लागलो होतो, चल रे, चल. पोचलो तेव्हा संपलं होतं. मेंदूत रक्तस्राव, डॉक्टर म्हणाले. आता महिना उलटला, तरी फोन वाजला की छातीत धडधडतं.

केतकी माझी पुतणी. थोरले भाऊ गेले, वहिनी नाशिकला परतल्या, नोकरीमुळे ही मागे राहिली, मी आणि बायको राहतो त्या फ्लॅटमध्ये. मी शिपयार्डात वेल्डिंग करण्यात जन्म काढला. शाळा चौथीपर्यंत, पण कुणी शहाणपण शिकवलेलं मला खपत नाही. आठवडाभर ही बँकेतली साधी मुलगी. शनिवारी मात्र काळा झगा, काळे ओठ, डोळ्यांभोवती काजळाचा जाड थर. एकदा लिफ्टमध्ये शेजारीण हिला बघून भिंतीला चिकटली, तेव्हा माझं टाळकं सरकलं.

"हे काय भुताचं सोंग? कोण मेलंय?"

"कुणी नाही, काका. गॉथ आहे मी. कॉफी पाजा, सगळं सांगते."

खालच्या हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या गाळ्यांपुढच्या टेबलावर बसून तिनं सांगितलं. गॉथ ही जुन्या काळची एक जमात, रोम लुटणारी. ती संपून कैक शतकं गेल्यावर शिकलेल्या लोकांना टोकदार कमानींची जुनी चर्चं आवडेनात, म्हणून त्यांनी त्यांना गॉथिक म्हटलं, म्हणजे रानटी. मग इंग्रजांनी तसल्याच पडक्या किल्ल्यांत आणि मठांत भुताखेतांच्या गोष्टी रचल्या, त्यांनाही तेच नाव. आणि अलीकडे, ती जन्मायच्या थोडं आधी, विलायतेतल्या पोरापोरींनी उदास गाणी वाजवायला घेतली, काळे कपडे चढवले, आणि तेच नाव मिरवायला सुरुवात केली. तिथून ते जगभर पसरलं. "इथेही आलं, काका. फक्त आम्हाला एसी लागतो, लाह!" शेवटी इथल्या लोकांसारखा हेल काढून म्हणाली.

मी हसलो नाही. कप बाजूला सारून विचारलं, "तुला मरावंसं वाटतं का गं?"

"उलट. मला मरणाची भीती वाटते, म्हणून मी त्याच्याकडे बघून घेते. तुम्ही तर विषय निघाला की टीव्ही लावता."

उत्तर पटलं नाही. शनिवारी ती परत येईपर्यंत मला घास गिळवत नसे. पण तिच्या मैत्रिणी घरी यायच्या, मेई आणि आणखी दोघी. त्याच अवतारात सोफ्यावर बसून माझ्या हातचं बांगड्याचं कालवण ओरपायच्या. भुतं इतकी जेवत नाहीत, एवढं मला कळलं.

वहिनी नाशिकहून आल्या त्या लेकीला शेवटचं नेसवायला स्वतःच्या लग्नाचा शालू घेऊन. येताच मला म्हणाल्या, "भावजी, त्या काळ्या कपड्यांनीच माझी पोर नेली. त्यातलं कुणी अंत्यविधीला दिसता कामा नये." मी विषय बदलला. कारण मेईला मी आधीच फोनवर सांगून बसलो होतो, शनिवारी येता तशाच या. दिलेला शब्द मी फिरवत नाही. पण लेकीच्या प्रेतापुढे आईनं कुणाला हाकलून दिलं तर? अंत्यविधीच्या हॉलमध्ये माझी नजर सारखी दाराकडे.

आल्या तिघी... पांढऱ्याफेक शर्टांत. नव्या कपड्याच्या घड्याही मोडलेल्या नव्हत्या. तोंडं स्वच्छ धुतलेली. मला क्षणभर ओळखूच आल्या नाहीत. मेई कुजबुजली, "हिंदू पांढरं घालतात ना, अंकल? आईला त्रास नको."

वहिनींनी तिला जवळ घेतलं, हात हातात धरून ठेवला. मला म्हणाल्या, "गुणी पोरी आहेत हो. बरं झालं, ती भुतं नाही आली."

गप्प बसलो असतो तर सगळं निभावलं असतं. पण मग केतकी कोण होती हे कुणालाच न कळता ती जाणार होती. "वहिनी," मी म्हटलं, "ह्याच त्या."

वहिनी खाली बघायला लागल्या. मेईच्या नखांच्या कडांना पुसायचं राहिलेलं काळं नेलपॉलिश दिसत होतं. आता हात झटकतात, असं वाटून मी एक पाऊल पुढे झालो. त्यांनी हात सोडला नाही. म्हणाल्या, "भावजी, विचारा हिला. केतकीचे डोळे कोण रंगवायचं?"

"ती स्वतःच. घाईत असली तर मी," मेई म्हणाली.

"मग आज हिनंच रंगवू दे. नीट रंगव म्हणावं, दर वेळेसारखे."

मेईनं पिशवीतून काजळाची पेन्सिल काढली. ती वाकली तेव्हा वहिनींनी खालून तिच्या कोपराला आधार दिला. लग्नाचा शालू, आणि डोळ्यांभोवती तो काळा थर. नात्यातल्या कुणीतरी च् च् केलं. वहिनींनी वळूनही पाहिलं नाही.

वहिनी नाशिकला परत गेल्या. केतकीच्या खोलीतल्या कपाटाच्या आरशावर, खालच्या कोपऱ्यात, तिच्या बोटाचा काजळाचा ठसा आहे. आरशाला टेकून डोळे रंगवायची, तेव्हाचा. बायको फडकं घेऊन गेली तर मी ओरडलो. पण इथली हवा दमट, ठसा कडेनं पसरत चाललाय. खिडकी उघडली तरी भीती, बंद ठेवली तरी भीती. रोज सकाळी चहाच्या आधी जाऊन बघतो... आज होता.