ताईची डिक्की

आमच्या अमरावतीच्या घरापुढे कार उभी असायची. उभीच असायची, कारण मी निवृत्त झाल्यापासून भाजी, बँक, दवाखाना सगळं स्कूटरवर उरकत होतं. कारच्या टपावर कडुनिंबाचा पाला साचे, बॉनेटवर शेजारची मांजर झोपे, आणि उन्हाळ्यात बायको टपावर जुनं धोतर पसरून मुंगवड्या वाळवी. एकदा मी घाईत न बघता गाडी काढली आणि चौकापर्यंत वड्या सांडत गेलो. तेव्हापासून गल्लीतली माणसं मला पाहिलं की वड्यांचा भाव विचारतात.

बायकोचं म्हणणं सरळ होतं. गाडी विका, जागा मोकळी होईल, मला वड्यांसाठी खाट टाकता येईल. ते मला पटत होतं, म्हणून मी चिडायचो. खरी अडचण एकच होती, अकोला. तिथे माझी मोठी बहीण राहते. आई गेल्यावर मला 'बाबू' म्हणणारं तेवढं एकच माणूस जगात उरलं आहे, आणि महिन्यातून एकदा तिला भेटल्याशिवाय मला करमत नाही. गाडी गेली की तेही हळूहळू सुटेल, ही माझी भीती. बायकोला मात्र मी सांगत होतो की चांगलं गिऱ्हाईक मिळत नाही.

अकोल्याचा कार्यक्रम ठरलेला असे. सकाळी निघायचं, मूर्तिजापूरला चहा घ्यायचा, ताईकडे जेवायचं आणि अंधार पडायच्या आत घर गाठायचं. समोरच्या ट्रकचे दिवे माझ्या डोळ्यांना सोसत नाहीत.

ताईचाही एक कायदा होता. आलेल्याची डिक्की रिकामी परत जाऊ द्यायची नाही. मी संत्री घेऊन जायचो, ती तुरीची डाळ, ज्वारी, लोणच्याची बरणी आणि एक भलंमोठं कोहळं भरायची. एकदा तर पाटा-वरवंटा टाकला. मिक्सरची चटणी खाऊन माझ्या तोंडाची चव गेली आहे, असं तिचं निदान होतं. आम्ही घरात दोन माणसं. अर्धी गल्ली ताईच्या डाळीवर पोसली जात होती, आणि गाडी विकू नका असा त्या अर्ध्या गल्लीचा आग्रह होता.

शेवटी बायको म्हणाली, एकदा रेल्वेनं जाऊन तर बघा. मी तोंड पाडून ऑटोनं बडनेरा गाठलं. रेल्वेत खिडकी मिळाली, झोपही मिळाली, आणि मूर्तिजापूर कधी गेलं कळलं नाही. हे मी बायकोला अजून सांगितलेलं नाही.

ताई फाटकातच उभी होती. तिनं माझ्याकडे बघितलंच नाही, माझ्या मागे बघितलं.

"गाडी कुठी हाये?"

घरी आहे म्हणालो. ते तिला पटलं नाही. ती कोपऱ्यापर्यंत जाऊन गल्ली बघून आली. मग स्वयंपाकघरातून माझ्या बायकोला फोन लावला आणि शेजाऱ्यांनाही ऐकू जाईल इतक्या हळू आवाजात विचारलं, याचा काही अपघात-बिपघात झाला आहे का. तसं काही नाही हे कळल्यावर ती रागावली. डाळ निवडून ठेवली होती. आता ती टाकायची कशात?

जेवण झालं आणि आमची लढाई सुरू झाली. ती पिशवीत कोहळं घाले, मी काढे. मी ज्वारी काढली की ती परत घालून वरून दाबून बसवी. मला हात दोनच आहेत म्हटलं, तर म्हणाली खांदे कशाले देले देवानं. ही ओढाताण चालू असताना माझी रेल्वे स्टेशन सोडून निघून गेली. एसटी होती, पण ते कोहळं घेऊन एसटीत चढायची माझी छाती नव्हती. बायकोला कळवलं आणि राहिलो.

संध्याकाळी अंगणात खुर्च्या टाकून बसलो. ताईनं आईच्या गोष्टी काढल्या, त्यातल्या निम्म्या मला माहीत नव्हत्या. घरातली कोंबडी शेजाऱ्यांच्या घरी अंडी घाली म्हणून आईनं त्या कोंबडीशी धरलेला अबोला सांगताना ती इतकी हसली की तिला ठसका लागला. तिला असं हसताना मी किती वर्षांत पाहिलं नव्हतं. मीही मग गाडीचं सगळं सांगून टाकलं, भीतीसकट. ऐकून ती माझं अंथरूण घालायला उठली.

सकाळी चहा देताना बोलली.

"गाडी घेतल्यापासून तू इथं एक रात्र राह्यला नाई, बाबू. जेवला, का घड्याळ पाहून राह्यला. मी डिक्की काहून भरतो, सांगू? भरेपर्यंत तरी तुले थांबा लागते."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. चहा फार गरम आहे असं मी सांगितलं. ती म्हणाली, मंग फुकून पे.

जाताना कोहळं मी स्वतः उचललं. बडनेऱ्याच्या फलाटावर ते खांद्यावर घेऊन उतरलो तेव्हा लोक वाट देत होते.

आठवड्याभरात गिऱ्हाईक मिळालं. ते इतके दिवस कुठे होतं, असं बायकोनं विचारलं नाही, नुसतं बघितलं. गाडी द्यायच्या दिवशी मी ताईला फोन केला. तिनं विचारलं, डिक्कीत काय टाकलं? काहीच नाही म्हणालो.

"रिकामी नोको देऊ, बाबू. बरं नाई दिसत."

मी ते कोहळं डिक्कीत ठेवलं. गिऱ्हाईक बिचकलं. गाडीत काही खोट आहे म्हणून हे वरून कोहळं देताहेत, असं त्याला वाटलं असावं, कारण त्यानं पुन्हा एकदा बॉनेट उघडून बघितलं. मग गाडी गल्लीच्या तोंडाशी वळली आणि दिसेनाशी झाली. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. बायको मात्र तोवर खाट आणायला आत गेली होती.

संध्याकाळी ताईचा पुन्हा फोन आला. पूर्वी तिचा पहिला प्रश्न असायचा, परत किती वाजता निघशीन. या वेळी तिनं तो विचारलाच नाही. म्हणाली, येतानी कपडे जास्तीचे आण.