तणमोराची जागा

मानोऱ्याजवळच्या आमच्या शेतात नाल्याकाठचा एक तुकडा सासऱ्यांनी बैलांसाठी राखला होता. पोळ्यापर्यंत त्यात विळा घालायचा नाही, हा घरचा कायदा. कौतुक बैलांचं, पण फावायचं तणमोराचं. कोंबडीएवढा हा पक्षी पावसाळ्यात गवतात, जमिनीवरच अंडी घालतो. विळा येईस्तोवर पिल्लं पळायला लागलेली असत.

नर भलताच भोळा. रोज त्याच जागेवरून गवताच्या वर उड्या मारून मादीला बोलावणार. फासे लावणाऱ्याला त्याचा पत्ता विचारावाच लागत नसे.

पुढे फासे थांबले, पण ट्रॅक्टर आले. गावातले बैल गेले, तसं इतरांचं राखीव गवतही गेलं; आमचा तुकडा तेवढा उरला. बाकीच्यांनी तणनाशक मारून सोयाबीन पेरलं. पक्ष्याशी कुणाचं वैर नव्हतं. त्याचा कुणी विचारच केला नाही, आणि याचाच मला जास्त राग येतो.

यंदा नर एकच आला. निंदणाला जाताना मी त्याच्या उड्या बघायची. मादी काही दिसेना. एका सकाळी धाकटे दीर पाठीवर फवारणीचा पंप घेऊन हजर.

"वैनी, बैल इकले. आता गवत कायले पाह्यजे तुमाले?"

"राहू द्या, भाऊजी."

"मादी नाई, अंडे नाई. तो बुवा एकटाच उड्या मारून राह्यला. कोनासाठी राखता?"

बोलणं खोटं नव्हतं. मला रडूच आलं. मग मी सरळ गवताच्या कडेला फतकल मारून बसले. "मारा आता माह्या अंगावरून."

"तुमच्यापुढं कोनाचं चालते!" हसत त्यांनी पंप उतरवला.

पण एवढ्याशा तुकड्यानं काय होणार? नाल्यापलीकडचं शेत एक बाई कसते. तिच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावरही गवत होतं आणि दुसऱ्या दिवशी तिथं फवारणी ठरली होती. संध्याकाळी मी तिच्या दारात जाऊन बसले.

"एका पाखरापायी दोन वावरं अडवता काय वो?" ती म्हणाली.

"मादी आली तं तिले उतराले जागा पाह्यजे ना."

"अन् नाई आली तं?"

"तं पुढच्या साली येईन. जागाच नसली, तं कोन्त्याच साली येनार नाई."

मग फवारणीवाल्याला फोन लावून तिनं नको म्हणून सांगितलं.

मादी यंदा आली नाही. दोन्ही वावरांतलं गवत मी अजून कापू दिलेलं नाही.